आमच्या फ्रीजचं पाणी

आमच्या क्वार्टरमध्ये फ्रीज आला त्या दिवशी शेजारच्या बाई कुंकवाची डबी आणि नारळ घेऊन आल्या. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती, उन्हाळा होता. मी ऊर्जानगरात राहायचो आणि वीज केंद्रात तंत्रज्ञ होतो. लग्न व्हायचं होतं. वडील घुग्घुसच्या कोळसा खाणीतून निवृत्त झाले होते आणि आईला घेऊन माझ्याकडे राहायला आले होते. आमच्या ओळीत कुणाकडे नवी वस्तू आली, मग ती स्कूटर असो की मिक्सर, की तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, नारळ फोडायचा आणि पेढे वाटायचे अशी रीत होती. घरात बाईमाणूस आई एकटीच, तिची धांदल होईल, म्हणून बाई स्वतःच सामान घेऊन आल्या होत्या.

"वस्तू कोरी नोका ठेवू," त्या आईला म्हणाल्या.

वडील फ्रीजपाशीच उभे होते. ते म्हणाले, "आमच्यात नाई करत जी हे."

आजोबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात कुंकू, नारळ, पूजा यातलं काही नव्हतं. बाईंना हे माहीत नव्हतं असं नाही. फ्रीजच्या उत्साहात त्या विसरल्या असाव्यात. हातात उघडी डबी घेऊन त्या तशाच उभ्या राहिल्या. शेवटी आई पुढे झाली. म्हणाली, तुम्ही बसा, गार पाणी पिऊन जा, तेच पूजन समजा. पण फ्रीज टेम्पोतून आडवा आला होता आणि तो संध्याकाळपर्यंत सुरू करायचा नाही असं दुकानदारानं बजावलं होतं. पाणी साधंच होतं. बाई हसल्या, मग येते म्हणाल्या आणि नारळ घेऊन परत गेल्या.

दोन-तीन दिवसांनी त्यांच्याकडून नारळाच्या वड्या आल्या. त्याच नारळाच्या आहेत, असं आई म्हणायची. कशावरून, असं वडील विचारायचे.

फ्रीज कशाला घेतला असं कुणी विचारलं की मी आईचं नाव पुढे करायचो. आईला उन्हाचा त्रास होतो, दूध टिकत नाही, वगैरे. त्यात खोटं काही नव्हतं, पण ते पूर्ण खरंही नव्हतं. टेम्पो आमच्या दारासमोर थांबावा आणि त्यातून एवढं मोठं खोकं उतरताना ओळीतल्या सगळ्यांनी पाहावं, हे मला हवं होतं. घुग्घुसला आम्ही वाढलो तेव्हा घरात येणारी प्रत्येक गोष्ट आधी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी राहून आलेली असायची. माझा पहिला नवा शर्ट मी नोकरी लागल्यावर घेतला. त्यामुळे कोऱ्या वस्तूचा वास मला फार लवकर चढायचा. अजूनही चढतो. हे मी अभिमानानं सांगत नाही.

वडिलांना फ्रीज नको होता. ते रविवारी विहारात जायचे, तिथे तृष्णेवर प्रवचन व्हायचं आणि घरी येऊन ते त्यातलं थोडं थोडं आम्हाला ऐकवायचे. ते शेवटपर्यंत माठातलंच पाणी प्यायले. एकदा जेवताना म्हणाले, "तृष्णा काही फ्रीजनं भागत नाई."

"तहान तर भागते ना," आई म्हणाली आणि तिनं त्यांच्या ताटात भाकर वाढली.

चंद्रपूरचा उन्हाळा ज्यांनी काढला नाही त्यांना पाण्याचं महत्त्व सांगून उपयोग नाही. मे महिन्यात आमच्या नळाला येणारं पाणी दुपारी हाताला चटका द्यायचं. आमच्या ओळीत तेव्हा फ्रीज दुसऱ्या कुणाकडे नव्हता. आधी मुलं बर्फ मागायला यायला लागली, मग त्यांच्या आया. कुणाचं रसनाचं सरबत, कुणाच्या तापाच्या पट्ट्या. आई सगळ्यांना द्यायची. पण ती वाट पाहायची ती शेजारच्या बाईंची. त्यांचं दार आणि आमचं दार यांच्यात एक बुटकी भिंत होती. दुपारचं काम आटोपलं की त्या येत, आईजवळ बसत, पाणी पीत आणि गप्पा मारून जात.

त्या वरून पाणी प्यायच्या. म्हणजे पेला ओठांना न लावता, मान मागे टाकून, धार सरळ तोंडात. आमच्याकडे निम्मी माणसं असंच पितात. भांडं उष्टं होऊ नये म्हणून, स्वच्छतेसाठी, किंवा नुसत्या सवयीनं. माझे वडीलही तसेच प्यायचे. त्यामुळे बाई वरून का पितात, याचं उत्तर देता येत नव्हतं आणि विचारायची तर सोयच नव्हती. मला तो प्रश्न पडलाही नसता. आईला पडायचा. तिचं माहेर पोंभुर्ण्याच्या पलीकडच्या एका खेड्यात. लहानपणी धानाच्या रोवणीला दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, गेल्यावर तिला पाणी मिळायचं ते ओंजळीत. मालकीण उंचावरून लोटा वाकडा करायची आणि ही खाली बसून ओंजळीनं प्यायची. आईनं ही गोष्ट आम्हाला तक्रार म्हणून कधी सांगितली नाही. रोवणीच्या इतर गमतीजमती सांगताना मध्येच यायची. पण वरून पडणाऱ्या पाण्याकडे तिचं लक्ष असायचं, एवढं खरं.

एका दुपारी बाई चंद्रपूरहून बाजार करून आल्या. बसथांब्यापासून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उन्हात चालत आल्या होत्या. स्वतःच्या घराचं कुलूप काढायच्या आधी त्या आमच्या दारात आल्या आणि उंबऱ्यापाशी बसल्याच. मी रात्रपाळी करून आलो होतो आणि आतल्या खोलीत पडलो होतो, तिथून मला ते दिसत होतं. आईनं बाटली काढून पेला भरून दिला. बाईंनी तो दोन्ही हातांनी धरला, तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. दुसरा मागितला. तोही तसाच. मग पदरानं गळा पुसत त्या बाजारात वांगी किती महाग झाली ते सांगू लागल्या. आई हो हो म्हणत होती. तिचं वांग्यांकडे लक्ष नव्हतं.

संध्याकाळी वडील फिरून आल्यावर ती त्यांना म्हणाली, "आज त्यायनं तोंड लावून पाणी पेलं."

"तहान लागली असन," वडील म्हणाले.

"तहान त आधी बी लागत होती."

आई त्या रात्री स्वयंपाक करताना गुणगुणत होती. मी तिला तसं गुणगुणताना फारसं ऐकलं नव्हतं. पुढे मी घरात पुष्कळ वस्तू आणल्या आणि प्रत्येक वेळी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पण ती दुपार पुन्हा दिसली नाही. तेव्हा मात्र मला वाटलं होतं की हे फ्रीजमुळे झालं आणि फ्रीज मी आणला. म्हणजे सुख मी आणलं, असा साधा हिशेब.

त्याच उन्हाळ्यात आई भावाकडे निघाली तेव्हा तिनं एका स्टीलच्या डब्यात बर्फ भरला, त्याला आधी टॉवेल आणि मग जुनं लुगडं गुंडाळलं आणि ते गाठोडं मांडीवर घेऊन एसटीत बसली. बर्फ वाटेतच वितळेल, असं मी तिला सांगून पाहिलं. आम्ही इकडे वीज तयार करायचो आणि ती तारांवरून कुठे कुठे लांब जायची, पण मामाच्या गावात दिवा संध्याकाळी लागेलच याची खात्री नसायची. तिथल्या पोरांनी बर्फ पाहिलेला नाही, असं तिचं म्हणणं. पोंभुर्ण्याला गाडी बदलून पुढे पायी जाईपर्यंत डब्यात पाणीच उरलं. तिनं ते घरातल्या सगळ्यांना घोट घोट वाटलं. परत आल्यावर मी विचारलं तर म्हणाली, "मामा म्हणे, गार हाये. पोरं म्हणे, बर्फ कुठी हाये? मी म्हटलं, पेलं ना तुमी आता, त्याच्यातच होता."

आता मी जे केलं ते.

बाईंचे यजमान माझ्याच केंद्रात, दुसऱ्या विभागात होते. पुढच्या वर्षी उन्हाळा लागायच्या सुमारास केंद्राच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "भाऊ, आपण बी फ्रीज घेऊन टाकू म्हणतो. लोकाच्या घरी किती जायचं?" मी म्हटलं, चला, ओळखीचं दुकान आहे. सुट्टीच्या दिवशी मी त्यांना स्वतःच्या मोटारसायकलवर बसवून चंद्रपूरला नेलं. दुकानात दुकानदारापेक्षा मीच जास्त बोललो. कुठल्यात बर्फाचा थर कमी धरतो, कुठल्यात बाटल्या उभ्या राहतात. त्यांना लहान घ्यायचा होता, मी मोठा घ्यायला लावला. ते मला धन्यवाद देत राहिले.

मी त्यांना मदत केली हे खरं. रात्रपाळीनंतर मला दुपारी झोप लागत नसे आणि दारावरची थाप, बर्फ फोडण्याचा आवाज, गप्पा, हे सगळं मला नकोसं झालं होतं, हेही खरं. मोटारसायकल सुरू करताना मला दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या. आणि बाईंच्या त्या येण्यातून आईला काय मिळतं तेही ठाऊक होतं. कुणी म्हणेल, त्यांनी आज ना उद्या फ्रीज घेतलाच असता. घेतला असता. तरी त्यांना घेऊन मी गेलो होतो.

त्यांच्या फ्रीजवर स्वस्तिक काढलं गेलं, नारळ फुटला, पेढे वाटले. आई जाऊन पाहून आली. "आपल्याहून मोठा हाये," एवढंच म्हणाली.

बाई यायच्या थांबल्या. भांडण नाही, अबोला नाही. बुटक्या भिंतीवरून बोलणं व्हायचं. कपडे वाळत घालताना हसणं व्हायचं. पण दुपारी आमच्या दारात येऊन बसायला त्यांना आता काही कारण उरलं नव्हतं. पाठोपाठ ओळीत आणखी दोघा-तिघांनी फ्रीज घेतले. मुलंही येईनाशी झाली. आई मात्र रोज सकाळी सगळ्या बाटल्या भरून ठेवायची आणि ट्रे पाण्यानं भरायची. बर्फाला फ्रीजचा वास लागायचा, मग ती तो मोरीत ओतायची आणि नवा लावायची.

वडील एकदा म्हणाले, "कोणासाठी भरून राह्यली?"

"राहू द्या भरलेल्या," ती म्हणाली.

मला दुपारी छान झोप लागू लागली.

एक दिवस आई उठून बाईंकडे गेली. काही निमित्त नव्हतं. परत आल्यावर तिनं वडिलांना जे सांगितलं ते असं. उन्हातून आल्यासारखी ती त्यांच्या दारात उभी राहिली आणि पाणी मागितलं. बाईंनी फ्रीजमधलं पाणी पेल्यात दिलं. आईनं मान मागे टाकली आणि वरून प्यायला लागली. सवय तिचीही होती, पण ती सवय कुठून आली ते वेगळं. बाई म्हणाल्या, "काऊन वो बाई, तोंड लावून प्या ना. मी काय वरून पेत होती का तुमच्या इथी?"

म्हणजे बाईंच्या लक्षात होतं. ती दुपार नुसत्या तहानेची नव्हती. त्यांनीही ते जाणून केलं होतं, किंवा करून झाल्यावर त्यांना ते जाणवलं होतं. सुरुवातीला त्या वरून प्यायच्या, हे त्यांनी बोलण्यातून गाळलं होतं आणि आईनंही ते काढलं नाही.

"मग तू काय केलं?" वडिलांनी विचारलं.

"मी काय करन? पेलं तोंड लावून."

वडील बरं झालं म्हणाले. मला वाटलं, आता जाणं-येणं पुन्हा सुरू होईल. झालं नाही. एकमेकींच्या घरी तोंड लावून पाणी पिता येतं हे दोघींना कळलं आणि आता दोघींकडेही आपापलं गार पाणी होतं. मी याचा पुष्कळ विचार केला आहे. कुणी वाईट नव्हतं. गरज संपली होती, एवढंच. आणि गरज संपावी म्हणून तर आम्ही सगळे कामाला जात होतो.

माझं लग्न झालं. रंगीत टीव्ही आला, वॉशिंग मशीन आलं. बाईंच्या यजमानांची बदली झाली आणि एक ट्रक त्यांचं सामान घेऊन गेला. वडील गेले. दोन हजार साल उलटल्यानंतर काही वर्षांनी आम्ही चंद्रपुरात फ्लॅट घेतला. एका मजल्यावर तीन दारं, तिन्ही बंद. गावात तोवर शोरूम झाल्या होत्या. आम्ही दोन दारांचा फ्रीज घेतला त्या शोरूमवर 'आनंद घरी न्या' असा फलक होता. जुना देऊन नवा घ्यायची सवलत होती. दुकानाची माणसं जुना उचलायला आली तेव्हा आईनं त्यांना विचारलं, हा कुठी जाते? खेड्यावर जाते आजी, दुरुस्त करून, असं त्यातला एक म्हणाला. तिला ते पटलं. निघताना तिनं फ्रीजचं दार एकदा उघडून पाहिलं आणि आत काही राहिलं नाही म्हणाली.

नव्या फ्रीजचं सुख मला पेढे संपेपर्यंत पुरलं. मी हे बायकोला बोललो नाही. आम्ही लगेच एसीचं बोलायला लागलो.

फ्लॅटमध्ये आई कोमेजली. आजार काही नव्हता. तिच्या खोलीत पंखा, कूलर, टीव्ही सगळं होतं. मी कामावरून आल्यावर विचारायचो, आई, काही हवं का? ती म्हणायची, सगळं हाये ना बाबू. ती सगळं हाये असं म्हणाली की मला अपराधी वाटायचं आणि मी आणखी काहीतरी आणायचो. एकदा पाठ चेपणारी गादी आणली. ती तिनं घडी करून पलंगाखाली ठेवली.

मग एक दिवस ती समोरच्या दारात गेली, बेल वाजवली आणि विरजण मागितलं.

हे मला बायकोनं संध्याकाळी सांगितलं. ती वैतागली होती. फ्रीजमध्ये भांडंभर दही होतं. समोरचे लोक काय म्हणतील, यांच्या घरी दहीसुद्धा नसतं का? तिचंही चूक नव्हतं. ती ज्या घरात वाढली तिथे मागणं या गोष्टीची फार लाज होती आणि मी ते समजू शकत होतो. मी आईकडे गेलो. ती पलंगावर बसून लसूण सोलत होती. मी म्हटलं, आई, दही होतं ना घरात.

"होतं ना."

"मग काऊन मागितलं?"

"मागितल्याबिगर कोण कोणाच्या दारी जाते? तू जाते?"

मी कुणाच्या दारी जात नव्हतो. त्या घरात कोण राहतं हेही मला नीट ठाऊक नव्हतं. आईला आता ठाऊक होतं. बाई शाळेत शिकवतात, सासू लकव्यानं पडून आहे, मुलगा पुण्याला. दार अर्धंच उघडलं होतं आणि विरजण म्हटल्यावर पूर्ण उघडलं, असं तिनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आईनं त्यांची वाटी परत केली. रिकामी वाटी परत करायची नसते, म्हणून तिनं आंबाडीची चटणी घालून दिली. चार-आठ दिवसांनी ती वाटी पुन्हा आमच्या ओट्यावर दिसली, कसल्याशा लाडवासह. मग आमचा एक डबा तिकडे गेला. बायको म्हणू लागली की घरात आपली भांडी कोणती आणि दुसऱ्यांची कोणती हे आता कळत नाही. पण ती हे हसत म्हणू लागली होती.

एकदा मी घरी होतो तेव्हा बेल वाजली. मी दार उघडलं. समोरच्या दारातल्या, शाळेत शिकवणाऱ्या बाई होत्या, हातात रिकामी वाटी. म्हणाल्या, "आजी आहेत का? आमचं विरजण बिघडलं."

आईनं आमच्या भांड्यातलं दही दिलं. त्या दारातच थांबून थोडं बोलल्या आणि गेल्या. दार लावल्यावर मी विचारू नये ते विचारलं. मी म्हटलं, "आई, आपण कोण हाओ हे माहीत आहे ना त्यायले?" विरजण आमच्या घरातलं. त्यांच्या घरी आता सगळं दही त्याचंच लागणार होतं.

आईनं दह्याच्या भांड्यावर झाकण ठेवलं.

"दारावर एवढं मोठं आडनाव लिवलं हाये तूनं," ती म्हणाली. "मास्तरीण हाये ते. वाचता येते तिले."

मग तिनं विचारलं, जेवतो का? मी बसलो. तिनं भातावर दही वाढलं. ते आंबट होतं. विरजण बहुतेक जास्त झालं होतं, नाहीतर दूध उन्हाळ्यात बाहेरच राहिलं होतं. मी ते खाल्लं.